गोलाईतलं गाठवायचं दुकान आणि आज्जीची बोरमाळ

लातूरमध्ये बोरमाळ, गंठण, ठुशी, तन्मणी असं काही हातानं गाठवून, म्हणजे धाग्यात ओवून गाठी मारून, घ्यायचं असेल तर कुठं द्यायचं, हे गेल्या काही महिन्यांत मला इतक्या जणींनी विचारलंय की आता एकदाच सगळं लिहून टाकते. लांब झालंय. पण ज्यांच्या घरात आईची, सासूची, आज्जीची माळ डब्यात गुंडाळून पडलीय त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आधी पत्ता. बाहेरगावच्यांना सांगते, गंजगोलाई म्हणजे लातूरचा मधला गोल बाजार, १९१७ सालची दुमजली गोल इमारत, आत अंबाबाईचं मंदिर आणि चारी बाजूंनी सोळा रस्ते फुटलेले. सोन्यापासून चपलेपर्यंत आणि मिरचीपासून गुळापर्यंत सगळं तिथंच. तर सराफांच्या दुकानांकडं वळलात की कुणालाही विचारा, गाठवणारे चाचा कुठं बसतात. दुकानाला पाटी नाही त्यामुळं नाव काय सांगू. एका सराफाच्या बाजूनं जिना चढून वर गेलं की दहा बाय आठची खोली, खाली पांढरी गादी, भिंतीला खिळ्यांवर लाल, काळ्या, मरून, हिरव्या धाग्यांच्या लडी टांगलेल्या, आणि गादीवर चाचा, त्यांचा मुलगा आणि दुपारनंतर सून. तिघंही पटवेकरी काम, म्हणजे दागिने धाग्यात ओवायचं-गाठवायचं काम करतात. शोकेस नाही, एसी नाही, खिडकी मात्र मोठी आहे आणि तिचं महत्त्व पुढं कळेल.

आता माळेबद्दल सांगावंच लागतं, त्याशिवाय मी एवढं कामून लिहायलेय ते कळणार नाही.

आईचं माहेर किल्लारीच्या बाजूचं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे भूकंपात जे झालं ते आपल्याकडं कुणाला वेगळं सांगायची गरज नाही. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, माणसं उशिरा झोपलेली. आज्जी आणि मामा अंगणात झोपले होते म्हणून वाचले, आजोबा माळवदाखाली गेले. चौथ्या दिवशी ढिगारा उपसताना एक लोखंडी पेटी निघाली, झाकण पार चेपलेलं, आणि त्यात आज्जीची बोरमाळ. ४३ मणी. त्यातले चार मणी दगडाच्या दाबानं एका बाजूनं बसलेले. आज्जीनं ती पुढं कधीच घातली नाही, आईच्या गळ्यात घातली आणि म्हणाली, हे चार तसेच राहू दे माय, सोनाराला देऊ नको. आईनं पंचवीस-तीस वर्षं जपून वापरली. मग मला दिली.

आणि ती माझ्या गळ्यात तुटली.

मामेबहिणीच्या हळदीत, औशाला. नाचताना नाही की कुणी ओढली नाही, मी नुसती वाकून परातीतली हळद घेत होते आणि सर्रकन काहीतरी ब्लाऊजमधून खाली गेल्यासारखं वाटलं आणि मग मॅटवर टपटप आवाज. सगळ्या बायकांनी पाय जागच्या जागी ठेवले, कुणी हलेना, पोरांनी मोबाईलच्या बॅटऱ्या लावल्या, मॅट उलटी करून झाली, हळदीच्या परातीत हात घालून झाला. ४१ सापडले. रात्री साडी सोडताना निऱ्यांत एक निघाला. एक गेला तो गेलाच. आई मला एक शब्द बोलली नाही, त्यानं जास्तच वाईट वाटलं.

चूक कुठं झाली ते सांगते कारण ही चूक लई जणांकडं होते. दोन वर्षांपूर्वी मी ती माळ एका मोठ्या शोरूममध्ये (नाव लिहीत नाही, लातूरचं नाही एवढं सांगते) पॉलिश आणि गाठवायला दिली होती. काउंटरवरच्या पोरानं घेतली, मणी मोजले नाहीत, नुसतं वजन करून पावती दिली, चार दिवसांनी चकचकीत करून दिली. मी खूश. पण त्यांनी ओवली होती टंगूसमध्ये, म्हणजे आपण ज्याला नायलॉनची तार म्हणतो ती, मासे धरायच्या गळाला असते तसली. दिसायला मजबूत दिसते. वर आत लाख भरलेले ते मणी त्यांनी कसल्या तरी गरम मशीनच्या पाण्यात धुतले असणार कारण नंतर दोन-तीन मण्यांच्या भोकातून लाख बाहेर आलेली दिसत होती, तेव्हा मला ते कळलंच नाही. तुटल्यावर मी तिथंच परत गेले तर म्हणाले, मॅडम हे जुनं मोडीत घाला, लाखेचं वजन वजा होईल, वरून थोडे भरा आणि नवीन लाइटवेट घ्या, मशीनचं फिनिशिंग बघा किती सारखं येतं. मी डबी उचलली आणि निघाले. बाकी त्यांच्याबद्दल काही म्हणायचं नाही.

मग आमच्या शेजारच्या अक्कांनी चाचांचं सांगितलं.

पहिल्या दिवशी आई आणि मी दोघी गेलो. चाचांनी आधी काही विचारलं नाही, पितळी ताटलीत पांढरं मलमलचं फडकं अंथरलं, डबीतले मणी त्यावर ओतले आणि आमच्याकडंच सरकवून म्हणाले, "तुम्ही मोजा." मी मोजले, मग आईनं मोजले, मग त्यांनी. ४२. मग छोट्या काट्यावर वजन, १९.४०० ग्रॅम लाखेसकट, आणि हे सगळं एका चिठ्ठीवर लिहून एक चिठ्ठी आमच्या हातात, एक मण्यांबरोबर पुडीत. चार चेपलेले मणी वेगळे मोजून चिठ्ठीवर "दबलेले ४" असं लिहिलं. एवढं बघूनच आईच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. माझं सगळ्यांना हेच सांगणं आहे, दागिना कुठंही द्या, पण मणी तुमच्यासमोर मोजून घेत नसतील तर देऊ नका. नुसत्या वजनावर जाऊ नका, कारण लाखेचं वजन, धाग्याचं वजन, मळाचं वजन सगळं त्यात असतं आणि एक मणी इकडंतिकडं झाला तर वजनात धड कळतही नाही.

मग त्यांनी एक मणी उचलून खिडकीच्या उजेडात धरला आणि मला भोक दाखवलं. "ही कड बगा बेटा, ब्लेडवानी आहे." खरंच, भिंगातून बघितलं तर पातळ पत्र्याची कड आतून धारदार. बोरमाळेचा मणी भरीव नसतोच, पातळ पत्र्याच्या दोन वाट्या ठशात दाबून जोडलेल्या आणि आत लाख भरलेली. त्या कडेवर धागा रोज उलीसा उलीसा घासला जातो. रेशीम किंवा पीळ दिलेला दोरा दबतो, मण्याबरोबर हलतो, आणि तुटायच्या आधी त्याला लव येते, मळका होतो, सैल पडतो, म्हणजे इशारा देतो. टंगूस तसा नाही, तो वरून जसाच्या तसा दिसतो आणि एक दिवस चिरलेल्या जागी तुटतो नाहीतर त्याची गाठ निसटते, कारण गुळगुळीत तारेवर गाठ धरत नाही. आमची निसटली होती. टोकाला गाठीचा वळसा तसाच होता.

हरवलेल्या मण्याचं काय करायचं तर ते म्हणाले खाली सराफाकडं एक कारागीर आहेत, हातानं ठसा मारणारे, त्यांच्याकडून एक करून घेऊ. मी म्हटलं मला बघायचंय. लोकांना हे विचित्र वाटतं पण मला खरंच बघायचं होतं, आज्जीचे ४३ मणी कुणीतरी असेच एकेक केले असतील ना. त्या कारागिरांनी नाही म्हटलं नाही, पाट दिला बसायला. सोन्याचा पत्रा इतका पातळ की फुंकर मारली तर हलेल. ठशाच्या खोबणीत तो ठेवून वर पंच ठेवून हातोडीचे हलके ठोके, एक अर्धी वाटी, मग दुसरी. दोन्ही कडा घासून जुळवल्या, टाकणखार लावला, डागाचे, म्हणजे सांधा जोडायच्या धातूचे, बारीक तुकडे चिमट्यानं ठेवले आणि बागेसरीवर, म्हणजे सोनाराच्या शेगडीवर, फुंकणीनं जाळ असा नेमका आणला की डाग वितळून शिवणीत शिरला आणि मणी मात्र तसाच राहिला. मग भोक, आणि भोकातून गरम मऊ लाख आत. निवल्यावर वरची लाख खरवडून टाकली. एका मण्याला पाऊण तास. नवा मणी ०.४६० ग्रॅम. मी विचारलं हॉलमार्क, तर म्हणाले एका मण्यावर नाही होत, २ ग्रॅमच्या आतल्या वस्तूला हॉलमार्कची सक्ती नाही. हे बरोबर आहे. पण अख्खी नवी माळ घेणार असाल तर १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कसोबतचा ओळख नंबर, असल्याशिवाय दुकानदाराला हॉलमार्कचा सोन्याचा दागिना विकताच येत नाही, तो नंबर बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा, ओळखीचा सराफ असला तरी बघा.

एक गोष्ट मला तिथंच कळली. ही लाख किड्यांपासून मिळते आणि तो किडा ज्या झाडांवर वाढवतात त्यात पळस आहे आणि बोरीचं झाडही आहे. म्हणजे बोराच्या आकाराच्या मण्यात बोरीवरची लाखही असू शकते. आईला सांगितलं तर ती कितीतरी वेळ मणी हातात फिरवत होती.

नवा मणी रंगानं उजळ होता, जुन्यांत वेगळा दिसत होता. कारागीर म्हणाले बाकीचे पण पॉलिश करून एकसारखे करतो. आम्ही नको म्हटलं. प्रत्येक पॉलिशला सोनं घासून जातंच, आणि पत्रा आधीच पातळ. आता आठ महिन्यांनी तो नवा मणी ओळखायला मला शोधावा लागतो, अंगाच्या वापरानं तो आपोआप त्यांच्यात गेला.

गाठवायचं काम सुनेनं केलं. मी वहिनी म्हणते त्यांना. ते काम मी पूर्ण बघितलं, सव्वा दोन तास. धाग्याचे पदर एकत्र घेऊन एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवतात आणि दुसरं हातात, त्यामुळं ताण हवा तेवढा राहतो, पाय उलीसा पुढं मागं केला की झालं. तळव्यावर घासून पीळ देतात, मग पिवळ्या मेणाच्या वडीवरून धागा दोन-तीनदा ओढतात, वडीवर इतक्या वर्षांच्या धाग्यांच्या खोल रेघा पडल्यात. बारीक तार दुमडून केलेली सुई. मणी ओवताना त्या बघत नव्हत्या, बोटानं भोक चाचपून ओवत होत्या आणि माझ्याशी पोरांच्या ॲडमिशनचं बोलत होत्या. दर पाच मण्यांनंतर एक बारीक गाठ, गाठ दोन मण्यांच्या मधे लपते, वरून दिसत नाही. ही गाठ मारली की माळ तुटली तरी पाचच मणी सांडतात, बाकी जागेवर. एवढी साधी गोष्ट. शोरूमवाल्यांनी एवढी एक गोष्ट केली असती तर आम्ही त्या मॅटवर रांगलो नसतो.

मागं मरून रंगाचा गोंडा आणि सरकगाठ, म्हणजे ब्लाऊजच्या गळ्याप्रमाणं वर खाली करता येते. गोंड्याच्या मानेवर जरीची तार गुंडाळून गाठ. ती तार इतकी घट्ट आणि सारखी बसवली होती की शेजारच्या अक्कांना ती धातूची कडी वाटली.

ओवायच्या आधी वहिनींनी एक विचारलं. ते चार दबलेले मणी हातात घेऊन म्हणाल्या, "हे मागं घालू का, गोंड्यापाशी? दिसणार नाहीत." दुकानदार असं विचारतो हेच मला लई भारी वाटलं, कारण तसे मणी लोक लपवूनच घालून घेत असणार. आई लगेच म्हणाली, पुढं घाला. मधोमध. दोन इकडं, दोन तिकडं. वहिनींनी परत विचारलं नाही, का म्हणून पण विचारलं नाही. तसंच केलं, आणि दबलेली बाजू गळ्याकडं न ठेवता बाहेर ठेवली.

पैसे. बोरमाळ गाठवायचे ३५०. माझं मिनी गंठण पण दिलं होतं, काळे मणी, दोन वाट्या, ते १५०. मण्याचं सोनं आणि घडणावळ सराफाकडं वेगळी. आता मला सांगा, तोळा लाखाच्या पार गेलाय, आपण घडणावळीवर हजारो रुपये मोजतो आणि ज्या धाग्यावर सगळं लटकतंय त्याचे ३५०. सव्वा दोन तास बसून केलेलं काम. मी ५०० दिले तर चाचांनी १५० परत केले. गंठणाच्या हिशोबात घ्या म्हटलं तरी वेगळे मोजून घेतले. कृपा करून तिथं जाऊन घासाघीस करू नका.

आता जे आवडलं नाही ते पण लिहिते, नाहीतर म्हणाल नुसतं कौतुक करायलीय.

वेळ पाळत नाहीत. गुरुवारी या म्हणाले, शनिवारी मिळालं. लग्नसराईत तर आठवडा धरून चाला, आणि फोन उचलत नाहीत, दोन्ही हात धाग्यात असतात हे कळतं पण आपल्याला चकरा होतात. औसा, निलंगा, रेणापूरहून येणाऱ्यांनी सकाळी लवकर येऊन तिथंच बसून करून घ्यावं, ऑर्डर टाकून जाऊ नये. जिना उभा आहे, गुडघे दुखणाऱ्या बायकांना अवघड, पण खालून आवाज दिला तर मुलगा खाली येतो. पक्कं बिल नाही, तीच हातची चिठ्ठी. पैसे स्कॅनरनं घेतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही काही सांगितलं नाही तर हल्ली ते पण पॉलिस्टरचा दोरा वापरतात कारण बहुतेक गिऱ्हाईक स्वस्त मागतं. पॉलिस्टर वाईट नाही, रोजच्या गंठणाला तोच बरा कारण आंघोळीचं पाणी लागतं आणि रेशीम ओलं राहिलं की कुजतं. पण बोरमाळ, मोत्याचं काही असेल तर रेशीमच सांगा. मोत्याला दर मोत्यानंतर गाठ पाहिजेच, मोती मऊ असतो, एकमेकांवर घासून त्याची चमक जाते. हे त्यांनी स्वतःहून सांगायला पाहिजे, विचारल्यावर सांगतात.

तिथंच मी स्वतःसाठी एक ठुशी पण घेतली, तीही वहिनींनी हातानं गाठवलेली. चांदीचे मणी, सोन्याचं पाणी दिलेलं. सोन्याची माझ्या आवाक्यात नव्हती. आठ महिन्यांचा अनुभव असा की गाठवणं एक नंबर, एक मणी हललेला नाही, पट्टा अजून सरळ बसतो, बाजारात मिळणाऱ्या ठुश्यांसारखा मधेच वाकडा होत नाही. पण सोन्याचं पाणी मानेच्या मागच्या बाजूला आणि खालच्या मण्यांना फिकं पडलंय, घाम लागतो तिथं. यात त्यांचा दोष म्हणता येत नाही, पाणी दिलेलं कधीतरी जाणारच, खाली चांदी आहे त्यामुळं मानेला हिरवे डाग पडत नाहीत एवढं बरं. पण घेतानाच त्यांनी सांगायला पाहिजे होतं की साल दीड सालात परत पाणी द्यावं लागेल. आता मी विचारलं तेव्हा म्हणाले, हो लागतं की.

जोंधळी पोत पण होती त्यांच्याकडं, ज्वारीच्या दाण्याएवढे मणी, आपल्याकडच्या बाईला ती बघूनच माया येते. पुढच्या वेळी तीच घेणार.

जपायचं कसं, हे मी चाचांना आणि त्या खालच्या कारागिरांना बसून विचारून घेतलं, आणि काही आईकडून आलेलं आहे. लाखेचा दागिना, बोरमाळ असो की मोहनमाळ की तोडे, गरम पाण्यात घालायचा नाही, सोडा टाकून उकळायचा तर अजिबात नाही, लाख उष्णतेनं मऊ होते आणि बाहेर येते, आत पोकळी झाली की मणी जरा दाबानं चेपतो. आपल्याकडं उन्हाळ्यात चाळिशीच्या पार जातं, लग्नाला जाताना गाडीत पुढं काचेपाशी दागिन्यांची पर्स ठेवून जेवायला उतरू नका. धुवायचं झालंच तर कोमट पण नाही, साधं पाणी, तेही बोअरचं नको, आपल्याकडं बोअरचं पाणी इतकं जड असतं की बादलीला पांढरा थर येतो, तोच थर मण्यांच्या फटीत बसतो. फिल्टरच्या पाण्यात मऊ फडकं ओलं करून घट्ट पिळून एकेक मणी पुसायचा, धागा भिजवायचा नाही, आणि मग पंख्याखाली फडक्यावर आडवी ठेवायची. टांगायची नाही, ओल्या धाग्यावर वजन आलं की तो ताणला जातो.

सेंट, पावडर, केसांचा स्प्रे हे सगळं आधी मारायचं, वाळू द्यायचं, मग दागिना. हळदीच्या दिवशी बोरमाळ घालू नका असं मी आता सगळ्यांना सांगते, तुटायचं राहू द्या, हळद आणि तेल धाग्यात मुरलं की धागा पिवळा आणि चिकट होतो, निघत नाही.

चांदीचं काळं पडणं हा हवेतल्या गंधकाचा परिणाम आहे, त्याला टूथपेस्टनं घासत बसू नका, बारीक ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी लवकर काळं पडतं. रिठ्याचं पाणी आणि मऊ ब्रश पुरतो, मग नीट कोरडं करून हवाबंद डबीत. आणि जे मुद्दाम काळं केलेलं असतं, ऑक्सिडाइज्ड म्हणतात ते, त्याला तर घासायचंच नाही, त्या काळ्यामुळंच नक्षी उठून दिसते. मोत्यावर लिंबू, व्हिनेगर, सेंट काही नको, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षं कोंडून पण ठेवू नका, सुती कापडात ठेवा.

धागा बदलायची वेळ कशी ओळखायची तर माळ हातावर आडवी धरून एक मणी बोटानं बाजूला सारा, मधे धागा उघडा दिसला आणि त्याला लव दिसली की झालं, न्या. गोंड्याजवळ आणि सरकगाठीपाशी आधी बघा, तिथंच पहिल्यांदा जातो. रोजच्या गंठणाला वर्षातून एकदा, सणावारी घालायच्या माळेला दोन-तीन वर्षांनी. डब्यात पडून राहिलेल्या माळेचा धागा सुद्धा खराब होतो हे विसरू नका, वीस वर्षं न घातलेली माळ लग्नात काढून तशीच घालू नका.

मी तिथं बसले होते त्या दोन दिवसांत काय काय येऊन गेलं ते बघण्यासारखं होतं. तांड्यावरची एक आज्जी जुन्या चांदीच्या रुपयांची माळ घेऊन आली होती, कड्या लावलेले रुपये, त्यावर चारमिनार. निजामाच्या काळातला हाली सिक्का. तिच्या सासूची माळ. तिला नवा धागा लाल पाहिजे होता आणि चाचांकडचा लाल तिला पसंत पडेना, पाच लडी काढून दाखवल्या, शेवटी खिडकीत नेऊन बघितल्यावर एक पास झाला. एक आराधी मावशी कवड्यांची माळ घेऊन आल्या, तुळजापूरला जायचं होतं त्यांना, दोरी विरलेली, कवड्या हाताळून हाताळून हस्तिदंतासारख्या झालेल्या. चाचांनी त्या माळेला हात लावायच्या आधी हात धुतले. पैसे किती म्हटलं तर म्हणाले, देवीच्या माळेचे मी घेत नाही. मावशींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि प्रसादाचा नारळ पाठवीन म्हणाल्या.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा वेळेसाठी कापला.

माळ घरी आणली तेव्हा १९.८६० ग्रॅम, ४३ मणी, चिठ्ठीवर लिहिलेलं, धाग्याचं वजन वेगळं मांडलेलं. आईनं ती मला परत दिली नाही, स्वतःच्याच गळ्यात घातली, आता मंगळवारी आणि सणाला घालते. चिठ्ठीच्या मागं चाचांनी पुढच्या खेपेला दाखवायचा महिना लिहून दिलाय, फाल्गुन. पाडव्याच्या आधी नेणार आहे, गर्दी व्हायच्या आत.